आई-बाबांना घेऊन स्पिती: गाडी नंतर, आधी उंचीचं गणित

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकायला वेळ नसतो, किंवा ऑफिसात गुपचूप वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जे 'म्हणजे, म्हणजे' झालं होतं त्यातलं बरंच काढलंय, पण सगळं नाही निघालं. चालवून घ्या.

गेल्या महिन्यात मी सहज बोलून गेलो की आम्ही घरचे सहा जण स्पितीला तंबू घेऊन गेलो होतो. त्यानंतर आलेल्या मेसेजेसपैकी निम्म्याहून जास्त एकाच प्रश्नाचे होते: 'दादा, गाडी कुठली? फोर बाय फोर होती का?' गाडीवर मी येणारच आहे, मलाही आवडतं ते. पण माझ्या शीटमध्ये गाडी हा चौथा टॅब होता. पहिला टॅब होता 'कोण येणार', दुसरा 'झोपायची उंची' आणि तिसरा 'डॉक्टर'. मित्रांबरोबर जायचं असेल तर हा क्रम उलटा केला तरी फारसं बिघडत नाही. घरच्यांबरोबर बिघडतं.

तर कोण कोण: बाबा ६४, आई ५९, ताई, तिचा ९ वर्षांचा मुलगा, माझी बायको आणि मी. बाबांना रक्तदाब, गोळी रोजची. आईला तसं काही नाही, पण सल्फाच्या औषधाची तिला एकदा जबरदस्त रिअॅक्शन आली होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणि बाबांबद्दल आणखी एक, जे कुठल्याही रिपोर्टमध्ये येत नाही: त्यांना काहीही होत नाही. ताप १०२ असला तरी 'जरा कणकण आहे' इतकंच. तुमच्याही घरी असे बाबा असतील. डोंगरात हा स्वभाव खरोखर धोक्याचा असतो, कारण विरळ हवेचा आजार सुरुवातीला ओळखण्याचं एकमेव साधन म्हणजे माणसानं खरं सांगणं.

आता उंची. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच ठिकाण म्हणजे कळसूबाई, १,६४६ मीटर. म्हणजे आपण कितीही गड पालथे घातले तरी आपल्या शरीराला उंचीचा अनुभव शून्य. काझा ३,६५० मीटरच्या आसपास आणि चंद्रताल ४,२५०. तिथं हवेचा दाब आपल्याकडच्या सुमारे साठ टक्के. ऑक्सिजनचं हवेतलं प्रमाण तेच राहतं, पण दाबच कमी असल्यामुळे एका श्वासात छातीत जाणारा ऑक्सिजन कमी होतो. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण त्याला दिवस द्यावे लागतात. तासांत होत नाही.

स्पितीला जायचे रस्ते दोन. एक मनालीकडून: अटल बोगदा, ग्राम्फू, छत्रू, बातल, मग कुंझुम किंवा चंद्रताल. दुसरा शिमल्याकडून, किन्नौरमधून, सतलजच्या काठाकाठानं. मनालीचा रस्ता जवळचा आणि रीलमध्ये भारी दिसतो. बऱ्याच पॅकेजवाल्यांचं वेळापत्रकही तिकडूनच सुरू होतं. पण आकडे बघा: मनाली साधारण २,०५० मीटर, चंद्रताल ४,२५०. सकाळी मनालीत पराठा खाल्लेला माणूस त्याच रात्री २,२०० मीटर वर झोपतो. डोंगरातल्या वैद्यकाचा साधा नियम असा आहे की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. दिवसा वर जाऊन आलात तर हरकत नाही, मुक्काम महत्त्वाचा.

म्हणून आमचा रस्ता किन्नौरचाच ठरला. पुण्याहून झेलमनं अंबाला, तिथून गाडीनं नारकंडा, २,७०० मीटर. मग कल्पाला दोन रात्री, २,९६०. तिथून नाकोला फक्त चहा प्यायचा, कारण नाको ३,६०० च्या वर आहे, आणि खाली उतरून ताबोला झोपायचं, ३,२८०. ताबो दोन रात्री, काझा तीन, लोसर एक, आणि मग चंद्रताल एक. लोसर का, तर काझाहून थेट चंद्रताल म्हणजे ६०० मीटरची उडी होते. मध्ये लोसर घातलं की दोन पायऱ्या होतात. शेवटी मनालीत उतरायचं. वर दोन दिवस रिकामे. सगळे मिळून सतरा दिवस.

हे सतरा दिवस ऐकून माझ्या मॅनेजरचा चेहरा जसा झाला तसाच ताईचाही झाला होता. शाळा बुडते, रजा संपते. 'आठ दिवसांत होतं रे सगळं, माझी मैत्रीण करून आली.' खरंय, होतं. पंचविशीतल्या माणसाचं बहुतेक वेळा होऊनही जातं. पण मी शीटमध्ये त्या आठ दिवसांच्या वेळापत्रकाच्या शेजारी झोपायच्या उंचीचा रकाना टाकला आणि जिथं उडी ५०० च्या वर तो चौकोन लाल केला. ताईनं तो लाल पट्टा बघितला आणि शाळेला अर्ज लिहिला. वाद घालण्यापेक्षा रंग भरणं सोपं असतं.

डॉक्टरांकडे सगळे गेलो. एकटे बाबा नाही, सगळे. त्याचं कारण साधं: एकट्या बाबांना नेलं असतं तर ते 'मला काय झालंय' म्हणून बाहेरूनच परत आले असते. बाबांची टीएमटी झाली, रक्तदाबाच्या गोळीबद्दल बोलणं झालं. उंचीच्या त्रासावर डायमॉक्स म्हणून गोळी असते, म्हणजे अॅसिटाझोलामाइड. अनेक ट्रेकर ती चणे-फुटाण्यासारखी वाटत असतात. ती सल्फोनामाइड गटातली आहे. आईची रिअॅक्शन ऐकून डॉक्टर म्हणाले, यांना मी ही देणार नाही. म्हणजे आईसाठी उरलेलं औषध एकच: हळूहळू चढणं, आणि लागलं तर उतरणं. त्या दिवशी माझ्या शीटमधले ते दोन रिकामे दिवस चैनीचे नाहीत हे घरात सगळ्यांना कळलं.

महिना सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये स्पितीत पाऊस कमी, ते पर्जन्यछायेत आहे. पण तिथं पोचायला किन्नौर ओलांडावं लागतं आणि तिथल्या दरडी पावसाळ्यात कोसळतात. २०२१ च्या पावसाळ्यात सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ वरून आलेल्या दगडांनी पर्यटकांची गाडी गाठली, नऊ जण गेले. दुसरीकडे ऑक्टोबर लागला की चंद्रतालचे तंबूवाले गाशा गुंडाळायला लागतात. आणि बर्फ तर महिना विचारतच नाही: जुलै २०२३ मध्ये ऐन उन्हाळ्यात चंद्रतालला जवळजवळ तीनशे माणसं अडकली होती, त्यांना काढायला काही दिवस लागले. तेव्हा गणपती बसवून, अनंत चतुर्दशी आटोपून निघायचं ठरलं. पितृपक्षात फिरायला कोण जातं, असं सोसायटीत दोघा-तिघांनी विचारलंच. आजोबांची तिथी द्वितीयेची. आईनं ती केली, कावळा लगेच शिवला, आणि दुसऱ्या दिवशी तिनं बॅग भरायला घेतली. विषय संपला.

चला, आता गाडी. तुम्ही इथपर्यंत त्यासाठीच थांबलाय, माहितीये मला.

पुण्याहून स्वतःची गाडी नेणं मला फार हवं होतं. पण चंदीगडपर्यंतच दोन-तीन दिवस, येताना तेवढेच. आई-बाबांची कंबर मैदानातच संपली असती. दुसरं म्हणजे डोंगरातलं ड्रायव्हिंग. ताम्हिणी आणि वरंध उतरता येणं वेगळं, आणि डाव्या बाजूला कठडा नसताना समोरून ट्रक आल्यावर गाडी मागे घेणं वेगळं. किन्नौरचा ड्रायव्हर घेतला, त्याच्याच गाडीसकट. गाडी फोर बाय फोर नव्हती. सात सीटची, बऱ्यापैकी उंच, तिसऱ्या रांगेचं तोंड पुढे. ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम विचारून घेतली, कारण आडव्या बाकड्यावर बसून घाटात मुलं ओकतात आणि उलटी उंचीची की वळणांची हे मग कळत नाही.

फोर बाय फोरबद्दल माझं मत. काझापर्यंत किन्नौरचा रस्ता बराचसा डांबरी आहे, मधे मधे उखडलेला. खरा खडबडीत भाग म्हणजे लोसरच्या पुढे कुंझुम उतरून बातल, छत्रू, ग्राम्फू. तिथं रस्ता म्हणजे नदीपात्रातले गोटे आणि त्यावरून वाहणारे नाले. अशा ठिकाणी चारही चाकं फिरतात की दोन, यापेक्षा गाडीचं पोट किती उंच आहे, टायर कसे आहेत आणि तुम्ही तिथं किती वाजता पोचता याला जास्त महत्त्व आहे. किती वाजता? हो. ते नाले हिमनदीच्या पाण्याचे. सकाळी बर्फ घट्ट असतो, पाणी घोट्याएवढं. दुपारी ऊन तापलं की तोच नाला गुडघ्यापर्यंत येतो. म्हणून तिकडून जायचं तर पहाटे निघायचं, हा एक नियम पाळला तर अर्धं ऑफरोडिंग आपोआप सोपं होतं. नाल्यात शिरायच्या आधी कुणीतरी उतरून बघायचं, पहिल्या गिअरमध्ये घालायचं आणि मधे क्लच दाबायचा नाही. टायरची हवा थोडी कमी केली की गोट्यांवर पकड बरी येते, पण मग परत भरायला छोटा कॉम्प्रेसर हवाच. आणि काझाचा पंप सोडलात की मनालीच्या बाजूला जाईपर्यंत डिझेल नाही, सुमारे दोनशे किलोमीटर, तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरचे. नेहमीच्या अॅव्हरेजवर हिशोब करू नका.

एक अवांतर. परदेशी यूट्यूबवाले सॅटेलाइट मेसेंजर वापरताना दिसतात आणि आपल्यालाही मोह होतो. भारतात परवान्याशिवाय ते उपकरण जवळ बाळगणं बेकायदेशीर आहे, ते घेऊन आलेले परदेशी पाहुणे विमानतळावर अडकले आहेत. आणू नका. ऑफलाइन नकाशे उतरवून घ्या, वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाचा फोन नंबर कागदावर लिहा, आणि घरी एका माणसाला वेळापत्रक देऊन ठेवा. भारतीयांना या रस्त्याला परमिट लागत नाही, पण सोबत परदेशी पासपोर्टचा कुणी भावोजी किंवा वहिनी असेल तर रिकाँग पिओला इनर लाइन परमिट काढावं लागतं.

तंबूची तालीम आम्ही मे अखेरीला राजमाचीला केली. लोणावळ्याहून उधेवाडीचा तो रस्ता ज्यांनी केलाय त्यांना माहितीये, पंधरा किलोमीटरला दीड-दोन तास आणि सगळे दात हलतात. गाडीतली बसायची जागा, सामान कुठे बांधायचं, कुणाला कुठल्या रांगेत मळमळतं, हे सगळं तिथंच कळलं. काजव्यांचे दिवस होते, भाचा खूश. गावातल्या एका अंगणात तंबू लावले, जेवायला पिठलं-भाकरी.

त्या एका रात्रीत तीन गोष्टी समजल्या. बाबा जमिनीवर झोपू शकतात, पण जमिनीवरून उठू शकत नाहीत, गुडघे. म्हणून दोघांसाठी घडीच्या खाटा घेतल्या. खाटेवर झोपलं की खालून गार हवा लागते, तेव्हा चटई खाटेच्या खाली नाही, खाटेच्या वर घालायची. दुसरं, झोपायच्या पिशव्या. त्यांच्यावर दोन तापमानं लिहिलेली असतात, एक कम्फर्ट आणि एक लिमिट. दुकानदार लिमिटचा आकडा सांगतो. तो आकडा पाय पोटाशी घेऊन रात्र काढण्याचा आहे. आई-बाबांसाठी कम्फर्टच बघायचं.

तिसरी गोष्ट माझ्या नाही, बायकोच्या लक्षात आली. आईनं संध्याकाळी पाचनंतर पाणी प्यायलं नव्हतं. मे महिन्याच्या उकाड्यात. का, तर रात्री अंधारात बाहेर जायला नको म्हणून. बायको म्हणाली, 'तुमच्या शीटमध्ये चार लिटर पाणी लिहिलंय माणशी, पण ते जाणार कुठे हे कुणी लिहिलंच नाहीये.' उंचावर कोरड्या हवेत पाणी झपाट्यानं कमी होतं, त्यानं डोकं दुखतं, थकवा येतो, आणि मग हा उंचीचा त्रास की पाण्याचा हेही समजत नाही. आपल्या घरच्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत ही गोष्ट आपण लहानपणापासून बघत असतो, इतकी की ती दिसेनाशी होते. उपाय अवघड नव्हता. उभा राहायचा छोटा तंबू, मेडिकलच्या दुकानातून घडीचं कमोड, डोक्याला लावायचा दिवा, आणि दोघींनी जोडीनं जायचं. बाबांच्या गुडघ्यांनाही ते कमोड पावलं, पण हे त्यांनी कबूल केलेलं नाही. तुम्ही संपूर्ण यादीतून एकच वस्तू घेणार असाल तर फोर बाय फोर विसरा, हे घ्या.

खाण्याचं खातं आईकडे होतं. मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी, दशम्या पहिल्या दोन दिवसांना. फक्त एका गोष्टीवर मी भौतिकशास्त्र पाजळलं. दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशानं उतरतो. चंद्रतालच्या उंचीवर पाणी ८६ अंशालाच उकळतं. वरण पातेल्यात रात्रभर खदखदलं तरी डाळ दाताखाली येणार. त्यामुळे छोटा कुकर हवाच. आईचं म्हणणं, 'मग हे आधी सांगायचं, मी मूगडाळ भाजून भरडून घेते.' तिनं घेतली, आणि तिची खिचडी कुकरशिवायही शिजायची. गॅसची डबी रेल्वेतून नेता येत नाही, ती आणि शेगडी आम्ही तिकडेच घेतली.

आता मुख्य मुद्दा. बाबा खरं सांगणार कसे?

लेक लुईस स्कोर म्हणून एक पद्धत आहे, उंचीचा त्रास मोजायची. चार लक्षणं: डोकेदुखी, मळमळ किंवा भूक नसणं, थकवा, चक्कर. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. डोकं दुखत असेल आणि बेरीज तीन किंवा जास्त झाली, तर तो उंचीचा आजार समजायचा. आम्ही ही वही भाच्याच्या हातात दिली. रोज सकाळी चहाच्या आधी तो सगळ्यांना प्रश्न विचारणार, गुण लिहिणार आणि मग एका सरळ रेषेत, टाचेला अंगठा लावून, चालायला लावणार. तोल गेला तर ते मेंदूला सूज येत असल्याचं लक्षण असू शकतं, तिथं गुण मोजत बसायचं नाही, लगेच उतरायचं. तसंच बसल्या जागी धाप लागली तर. बाबा मला खोटं सांगतील, आईला सांगतील, डॉक्टरांनाही सांगतील. नातवाला नाही सांगत. पहिल्याच दिवशी कल्पाला त्यांनी 'थकवा एक' असं सांगितलं तेव्हा ताई आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर होता, पण त्याला मी दुय्यम ठेवलं. तिथं ८५-९० आकडा पुष्कळांचा असतो, आणि गार बोट, नेलपॉलिश यांनीही तो फसतो. आकडा चांगला आणि माणूस वाईट असेल तर माणसाचं ऐकायचं.

आणि निघायच्या आधी, पुण्यात, जेवणाच्या टेबलावर तीन वाक्यं सगळ्यांनी मान्य केली. ज्याचे गुण तीन झाले तो वर जाणार नाही. एक जण उतरला की सगळे उतरतील, कारण गाडी एकच आहे. आणि त्या माणसानं परत त्या उंचीच्या वर या फेरीत झोपायचं नाही. बाबा म्हणाले, 'एवढं कोर्टासारखं कशाला?' मी म्हटलं, वर गेल्यावर आपण सगळेच वेड्यासारखे चंद्रतालच्या बाजूनं बोलायला लागू, म्हणून आत्ता.

झालं काय, ते सांगतो.

ताबोपर्यंत सगळे मजेत. ताबोचा मठ ९९६ सालचा, मातीच्या भिंतींचा. बाहेरून बघितलं तर मोठं धान्याचं कोठार वाटेल, आत भिंतभर चित्रं. बाबा हिशोब करून म्हणाले, अंबरनाथचं देऊळ १०६० चं, म्हणजे हा त्याच्याहून जुना. काझाला दुसऱ्या दिवशी लांग्झाला गेलो, ४,४०० मीटर, दोन तास थांबून परत. तिसऱ्या दिवशी सकाळी वहीत आईच्या नावापुढे डोकं दोन, भूक एक, थकवा एक. बेरीज चार. भाच्यानं वही मिटली आणि माझ्याकडे बघितलं. त्याला नियम पाठ होते.

आम्ही सगळे बाबांवर नजर ठेवून होतो, आणि आजारी पडली आई. उंचीचा त्रास कुणाला होईल हे वय, व्यायाम, सवय यावरून ठरत नाही. रोज पाच किलोमीटर चालणारी बाई.

काझाच्या सरकारी रुग्णालयात गेलो. तपासलं, थोडा वेळ ऑक्सिजन दिला, आईला बरं वाटलं. तिथले डॉक्टर शांतपणे म्हणाले की खाली जाणं उत्तम, आणि चंद्रतालचा विचार आत्ता नको. बाबांचं मत वेगळं होतं. ऑक्सिजननं बरं वाटलंय ना, एक दिवस इथंच आराम करू, परवा निघू, आगाऊ पैसे भरलेत. मलाही, खरं सांगायचं तर, अगदी तेच वाटत होतं. आईसुद्धा म्हणत होती, माझ्यामुळे कशाला. ताई फक्त एवढंच बोलली: 'टेबलावर ठरलंय.' दुपारी बाराला आम्ही ताबोच्या रस्त्याला होतो. बाबा गाडीत पुढे बसले होते आणि ताबो येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. रात्री आईनं स्वतःहून मेतकूट-भात मागितला. सकाळी वहीत सगळे शून्य.

आणि इथं दुसरा वाद, पहिल्यापेक्षा अवघड. आई आता ठणठणीत, रिकामे दोन दिवस शिल्लक. बाबा म्हणाले, झाली ना बरी, चला परत वर. भाचाही रडवेला, शाळेत सगळ्यांना चंद्रतालचं सांगून आलेला. तिसरं वाक्य नेमकं याच क्षणासाठी लिहिलेलं होतं. कुंझुम साडेचार हजारांच्या वर, त्याच्यापलीकडे दवाखाना नाही, फोन नाही, आणि बातलचा रस्ता रात्री उतरण्यासारखा नाही. काझाला चार गुण झालेल्या आणि डायमॉक्स चालत नसलेल्या बाईला तिथं झोपवायचं नाही. मी वाद न घालता आईला विचारलं. ती म्हणाली, 'मला नाही जायचं. मला ती नदी बघायचीय, येताना कुणीतरी सांगत होतं ती.' सांगला खोऱ्यातली बास्पा.

तर आम्ही कुंझुम ओलांडलाच नाही. ज्या खडबडीत रस्त्याची मी आत्ता एवढी माहिती दिली तो मी त्या फेरीत केलेला नाही. ती सगळी आमच्या ड्रायव्हरकडून आणि मित्रांकडून घेतलेली. खाली सांगलाला, २,७०० मीटरच्या आसपास, बास्पाच्या काठी एका बागायतदाराच्या जमिनीत त्याला विचारून तीन रात्री तंबू लावले. सफरचंदं उतरवायचे दिवस होते. बाबा दुसऱ्या दिवसापासून सकाळी पेट्या भरायला जायला लागले, मजुरी म्हणून रोज दोन किलो घेऊन यायचे. आई दिवसभर नदीकाठी. पाणी भरपूर प्यायची.

पैशांचं विचारलंय अनेकांनी. गाडी हा सगळ्यात मोठा खर्च, दिवसावर असतो, आणि रिकाम्या दिवसांचेही पैसे द्यावे लागतात. ते आधीच धरा, नाहीतर वर गेल्यावर तेच रिकामे दिवस कापायचा मोह होतो. चंद्रतालच्या तंबूवाल्यानं आमचे आगाऊ पैसे परत केले नाहीत, पुढच्या वर्षी वापरा म्हणाला. ते लेखी नव्हतं. तुम्ही बुक कराल तेव्हा 'आजारपणामुळे आलो नाही तर काय' हा प्रश्न व्हॉट्सअॅपवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं. आणि तळ्याच्या अगदी काठाला तंबू लावू देतो असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडे बुकिंग करू नका. काठावर मुक्कामाला बंदी आहे, तंबू काही किलोमीटर अलीकडे असतात.

शीट सगळ्यांसाठी खुलं केलंय. उंचीच्या टॅबमध्ये तुमचा मुक्काम टाकला की उडी ५०० च्या वर असेल तर चौकोन आपोआप लाल होतो. मागच्या आठवड्यात त्यात कुणीतरी नवीन ओळ घातलेली दिसली: 'लोसर, दोन रात्री. चंद्रताल, फक्त दिवसा, जेवून परत.' एडिट हिस्ट्री बघितली तर बाबांचा ईमेल. त्यांनी शेजारी भाच्याच्या परीक्षेची तारीखही टाकून ठेवलीय.

पुढच्या भागात राजमाचीचा रस्ता, टायर प्रेशरसकट. भेटू.